मोठ्या आयटी कंपनीतली नोकरी आतून कशी असते?

भूमकरचौक_ग्रस्त (धागालेखक)

दर जून-जुलैत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, "मुलाला अमक्या कंपनीची ऑफर आलीये, कंपनी कशी आहे?" मग दहा जण दहा उत्तरं देतात. एक म्हणतो डोळे मिटून जा, दुसरा म्हणतो पिळून काढतात. गंमत अशी की दोघंही खरंच सांगत असतात.

मी २००६पासून हिंजवडीत आहे, एकाच सर्व्हिस कंपनीत, म्हणजे दुसऱ्यांचं सॉफ्टवेअर बांधून-सांभाळून देणाऱ्या. नाव सांगत नाही, पगार अजून तिथूनच येतो. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय: या आकाराच्या कंपनीबद्दल "कंपनी कशी आहे" या प्रश्नाला काही अर्थच राहत नाही. टीसीएसमध्ये सहा लाखांच्या आसपास माणसं आहेत. २०११च्या जनगणनेत अख्ख्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या पाच लाख होती. आता सांगा, "सांगलीची माणसं कशी आहेत?" याला काय उत्तर द्याल?

माणूस खरी नोकरी करतो ती अकाउंटमध्ये. अकाउंट म्हणजे एक ग्राहक. अमेरिकेतली विमा कंपनी, लंडनची बँक, जर्मनीतली मोटार कंपनी, काहीही. त्या ग्राहकाकडे पैसा किती, त्याचं घड्याळ कुठलं, त्याची सिस्टीम परवाची की चाळीस वर्षांपूर्वीची, आणि आपल्या बाजूचा मॅनेजर त्याला "नाही" म्हणू शकतो का, यावर तुमची संध्याकाळ ठरते. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे लोक साडेसहाची बस पकडतात. चौथ्या मजल्यावर त्याच वेळेला कॉल सुरू होतात. लोगो एकच, कँटीनही एकच.

आता पैशाचं गणित, कारण ते कळल्याशिवाय बाकी काही कळत नाही. भारतात बसून काम करणाऱ्या माणसाचा ग्राहकाला लागणारा दर तासाला साधारण २५ डॉलर धरा. महिन्याचे १६० तास म्हणजे ४,००० डॉलर. डॉलरला ८५ रुपये धरले तर ३ लाख ४० हजार. फ्रेशरचं वर्षाचं पॅकेज साडेतीन लाखांच्या आसपास, आणि हा आकडा गेली पंधरा वर्षं जागचा हललेला नाही. म्हणजे वर्षभराचा पगार महिन्याभरात वसूल. (थांबा, यावर कुणीतरी भांडायला येणारच, मला माहितीये.)

मुद्दा असा की ग्राहकाकडून मिळणारा दर फारसा वाढत नाही आणि तुमचा पगार दर वर्षी थोडा थोडा वाढतो. पाच-सात वर्षांनी तुम्ही त्या खुर्चीला महाग पडायला लागता. मग तुम्हाला वर ढकलायचं, नाहीतर दुसऱ्या अकाउंटला पाठवायचं आणि तुमच्या खुर्चीत नवा मुलगा बसवायचा. खाली फ्रेशर भरपूर, वर मॅनेजर मोजके, हा पिरॅमिड टिकला तरच नफा टिकतो. कॉस्टचा एक्सेल उघडला की माणसांची नावं दिसत नाहीत, ग्रेड दिसतात. मी स्वतः तो एक्सेल भरतो, म्हणून सांगतोय.

तुमचे अनुभव लिहा. कंपन्यांची नावं घालून भांडणं नकोत, ती दुसऱ्या धाग्यावर चालू आहेतच.

कट्टेकरी

वाचतोय. जागा पकडून ठेवली.

ठाणेकर_खवचट

आलो भांडायला.

धागा छान, पण हिशेब अर्धाच मांडलात साहेब. त्या ३ लाख ४० हजारांत काय काय बसतं ते सांगा की. चार महिन्यांचं ट्रेनिंग, तेव्हा शून्य बिलिंग, म्हणजे ग्राहकाकडून एक पैसा नाही. बेंचवरची, म्हणजे प्रोजेक्ट नसलेली माणसं. इमारत, लॅपटॉप, लायसन्स, सेल्सवाल्यांची विमानं. ग्राहकाच्या नकळत (किंवा कळूनसवरून) फुकट लावलेला शॅडो रिसोर्स, म्हणजे बिलात नसलेला माणूस. शिवाय टीममध्ये पाच बिलेबल दाखवून प्रत्यक्षात सात राबवायचे हा प्रकार मी तीन कंपन्यांत पाहिला. टीसीएसचं ऑपरेटिंग मार्जिन, म्हणजे धंद्याचा खर्च जाऊन शंभर रुपयांतले उरतात ते, २४-२५ टक्क्यांच्या आसपास असतं, आणि ती या धंद्यात सर्वांत चांगल्यांपैकी आहे. "वर्षाचा पगार महिन्यात वसूल" हे ऐकायला झणझणीत आहे, पण ताळेबंदात तसं दिसत नाही.

दुसरं, कंपनी महत्त्वाची नाही हे मला मान्य नाही. वर्षाची पगारवाढ किती टक्के, हे अकाउंट ठरवत नाही, वरून येतं. नोटीस पीरियड ९० दिवस, तेही कंपनीच ठरवते. ऑफिसला आठवड्यातून किती दिवस यायचं, तेही. तुमच्या चौथ्या मजल्याला आणि तिसऱ्या मजल्याला त्या मेल एकाच वेळी येतात.

भूमकरचौक_ग्रस्त

मार्जिनचा मुद्दा बरोबर, मान्य. नोटीस पीरियडचाही. ९० दिवसांची गोम अशी की समोरची कंपनी "३० दिवसांत या" म्हणते आणि आपली कंपनी सोडत नाही. बायआउट, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटका, करू म्हटलं तर तोही मॅनेजरच्या मर्जीवर. म्हणून मुलं आधी राजीनामा टाकतात आणि मग ऑफर शोधतात. "सर्व्हिंग नोटीस, लास्ट वर्किंग डे अमुक" असं नौकरी डॉट कॉमवर लिहिलं की फोन सुरू होतात. त्या तीन महिन्यांत एकावर एक चार ऑफर घेऊन शेवटच्या दिवशी तीन जणांना चुना लावायचा, हा २०२१-२२चा राष्ट्रीय खेळ होता.

पण ऑफिसला किती दिवस यायचं, यावर नाही पटत. मेल वरून येते, हजेरी कोण किती बघतो ते अकाउंटवरच. आमच्याकडे एक डिलिव्हरी हेड रोज स्वाइपचा रिपोर्ट मागवतो, त्याच्या बाजूचा म्हणतो काम झालं ना, मग झालं.

रिकामा_बेंच

बेंचबद्दल लिहितो, कारण बाहेरच्यांना बेंच म्हणजे फुकटचा पगार वाटतो.

ग्राहकाने बजेट कापलं आणि आमच्या टीममधल्या निम्म्या जणांना एकाच शुक्रवारी "रिलीज" केलं. सोमवारपासून मी तोच, लॅपटॉप तोच, पण सिस्टीममध्ये नावापुढे "अनॲलोकेटेड". सकाळी साडेनऊला स्वाइप करायचं, कारण हजेरी बघतात. बसायला डेस्क नाही, कारण डेस्क प्रोजेक्टच्या नावावर असतं. म्हणून कँटीनमध्ये, एसीच्या खाली, अंगात जॅकेट घालून ऑनलाइन कोर्सेस करायचे. दुपारी जेवायला जुनी टीम आली की आपण फोनवर असल्याचं दाखवायचं. हे मी एकट्यानं केलं नाही, त्या कोपऱ्यात सगळेच "फोनवर" होते.

मग आरएमजीचा, म्हणजे माणसं वाटणाऱ्या खात्याचा, फोन. "कोचीला टेस्टिंगची ओपनिंग आहे, उद्या दुपारपर्यंत कळवा." मी जावा डेव्हलपर, बायकोची नोकरी पुण्यात, मुलगी बालवाडीत. नाही म्हणावं तर रेकॉर्डवर "डिक्लाइन्ड" पडतं. दोनदा पडलं की एचआरची मीटिंग. हो म्हणावं तर पुढच्या रेझ्युमेवर टेस्टर.

आता तर हे उघड नियमात आलंय. टीसीएसनं जून २०२५मध्ये धोरण आणलं, वर्षातून किमान २२५ दिवस बिलेबल आणि बेंचवर जास्तीत जास्त ३५ दिवस. पेपरात सगळीकडे छापून आलं होतं. बाकीच्यांकडे आकडा लिहिलेला नसतो, पण असतो.

शेवटी मला प्रोजेक्ट कुणी दिला माहितीये? आरएमजीनं नाही. ट्रेनिंगच्या बॅचमधला एक मित्र दुसऱ्या अकाउंटला लीड झाला होता, त्यानं त्याच्या मॅनेजरला नाव सांगितलं. त्यामुळे धागालेखकाशी सहमत, कंपनी ही कंपनी नसते. ती तुम्हाला ओळखणारी आठ-दहा माणसं असतात.

बँकेतले_काका

आम्ही राष्ट्रीयीकृत बँकेत ३४ वर्षं काढली. बदल्या आम्हालाही होत्या, गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत. पण बदली झाली तरी खुर्ची असायची. ही कँटीनमध्ये जॅकेट घालून बसण्याची भानगड ऐकून वाईट वाटलं. तरीही एक विचारतो, राग मानू नका. वाकड-बाणेरला फ्लॅटचे दर तुम्ही लोकांनीच चढवलेत ना?

ठाणेकर_खवचट

काका, दर बिल्डरनं चढवले, हप्ते आम्ही भरतोय. अवांतर पुरे.

सॉकसेव्हन

ऐरोलीत प्रॉडक्शन सपोर्टला आहे, म्हणजे ग्राहकाची चालू सिस्टीम सांभाळायला, तीही मेनफ्रेमवर, मोठ्या जुन्या धाटणीच्या संगणकांवर. नवीन मुलं मेनफ्रेम म्हटलं की नाक मुरडतात. कोबोल १९५९ची भाषा आहे, पण जगातल्या मोठमोठ्या बँका आणि विमा कंपन्यांचे व्यवहार अजून त्यावर चालतात आणि ते चालू ठेवायला आम्ही लागतो.

धागालेखक म्हणतात ना, ग्राहकाचं घड्याळ कुठलं. माझं उदाहरण घ्या. लोकांना वाटतं अमेरिकन ग्राहक म्हणजे रात्रीचं जागरण. सपोर्टमध्ये उलटं असतं. अमेरिकेची रात्रीची बॅच, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांची एकगठ्ठा चालणारी कामं, आपल्याकडे सकाळी पडते, चहा पीत पीत बघता येते. माझा ग्राहक ब्रिटनचा. त्यांची बॅच रात्री दहाला सुरू झाली की आपल्याकडे उजाडायला अजून बराच वेळ असतो.

तर महिनाअखेर. रात्री तीनला फोन, जॉब (बॅचमधलं एक काम) पडला. एरर एस-शून्य-सी-सात, बोलताना सगळे "सॉक सेव्हन" म्हणतात. म्हणजे प्रोग्रामला जिथे आकडा हवाय तिथे आकडा नाही. लाखो पॉलिसींची फाइल, त्यातल्या एका रेकॉर्डमध्ये रकमेच्या जागी रिकाम्या जागा आल्यात. कोबोलला बेरीज करता येईना, त्यानं तिथेच मान टाकली. आता डंप, म्हणजे पडला त्या क्षणीची मेमरीची नोंद, उघडायचा, त्यातल्या पत्त्यावरून प्रोग्रामची ओळ शोधायची, मग शेवटचं बरोबर वाचलेलं रेकॉर्ड कुठलं ते बघायचं, त्याच्या पुढचं दोषी. सवय असेल तर वीस मिनिटांचं काम.

पण तोवर पी-वन, म्हणजे सर्वांत गंभीर बिघाड, डिक्लेअर झालेला असतो आणि ब्रिज कॉल लागलेला असतो. कॉलवर तीस-चाळीस माणसं. ग्राहकाचा इन्सिडेंट मॅनेजर, आमचा सर्व्हिस मॅनेजर, डेटाबेसवाले, नेटवर्कवाले, फाइल जिथून आली त्या टीमचा माणूस. ती टीम दुसऱ्या व्हेंडरची, म्हणजे आमच्या स्पर्धक कंपनीची, त्यामुळे "आमच्याकडून फाइल बरोबर गेली" हे तो पहिल्याच मिनिटाला बोलून घेतो. दर दहा मिनिटांनी कुणीतरी विचारतं, "एनी अपडेट?" काम करणारे आम्ही दोघं, मी आणि नाशिकची एक मुलगी. ती म्यूटवर माझ्या फोनवर सांगत होती, "दादा, यांना म्हणावं गप्प बसलात तर सापडेल."

रेकॉर्ड सापडलं. ते बाजूला काढून जॉब पुन्हा चालवायला पाच मिनिटं पुरतात. पण ग्राहकाच्या डेटाला हात लावायचा म्हणजे इमर्जन्सी चेंजची मंजुरी लागते, आणि मंजुरी देणारा माणूस बर्मिंगहॅममध्ये झोपलेला. त्याला उठवायला पाऊण तास गेला. जॉब पुढच्या तासात संपला. सकाळी त्यांची ऑनलाइन सिस्टीम वेळेवर उघडली, पॉलिसीवाल्यांना काही कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी अभिनंदनाची मेल आली. तिच्यात इन्सिडेंट मॅनेजरचं नाव होतं, सर्व्हिस मॅनेजरचं होतं, "अँड टीम" होतं. नाशिकची मुलगी अँड टीममध्ये. तिनं ती मेल फॉरवर्ड करून मला विचारलं, "यातली मी कोण?"

तरीही सांगतो, मला हे काम आवडतं. अडकलेली गोष्ट सुटते आणि सुटली की कळतं.

मीठभाकर

+१. "एनी अपडेट?" वाचून छातीत धडधडलं. आमच्याकडे त्याचा टी-शर्ट छापला होता.

अनुस्वार

मी मॅनेजर आहे, एका मोठ्या कंपनीत, सतरा वर्षं. शिव्या खायची सवय आहे म्हणून रेटिंगच्या खोलीत काय होतं ते लिहिते. सॉकसेव्हन यांनी सांगितलेल्या त्या मुलीचं पुढे काय होतं ते तिथेच ठरतं.

आधी तुम्ही स्वतःला रेटिंग देता, मग मी देते. तोवर सगळे खूश, कारण मी माझ्या माणसांना चांगलंच देते. मग येतं नॉर्मलायझेशन. एका खोलीत आम्ही सात-आठ मॅनेजर, पडद्यावर एक्सेल. सगळ्या टीम एकत्र करून वरच्या रेटिंगला ठरावीक टक्के, खालच्यालाही ठरावीक टक्के. आता प्रत्येक नावामागे कुणीतरी बोलावं लागतं. "हिनं मायग्रेशन एकटीनं केलं," "यानं ग्राहकाची एस्केलेशन (वरपर्यंत जाणारी तक्रार) थांबवली." ज्याच्याबद्दल एका वाक्यात सांगता येतं तो वर जातो. ज्यानं वर्षभर काही बिघडूच दिलं नाही, त्याच्याबद्दल सांगण्यासारखं वाक्यच नसतं. तो मधल्या ढिगात.

खालच्या रेटिंगला कोण जातं? आळशी माणसं फार थोडी. जास्त करून ज्यांच्याबद्दल त्या खोलीत बोलणारं कुणीच नसतं ती. डिसेंबरात प्रोजेक्ट बदलला, जुना मॅनेजर म्हणतो माझ्याकडे नाही, नवा म्हणतो मी अजून काम बघितलं नाही. बाळंतपणाच्या रजेवरून आलेल्या मुली. कायद्यानं २०१७पासून २६ आठवड्यांची रजा आहे, रजेमुळे रेटिंग कमी करू नका असा कंपनीचा नियमही आहे. पण एक्सेलमध्ये खालचा रकाना भरायचाच असतो, आणि "अर्धं वर्ष नव्हतीच ना" हे वाक्य कुणीतरी हळूच टाकतं. मी एकदा त्यावर भांडले, ती मुलगी वाचली. तिच्या जागी दुसरं नाव गेलं, कारण आकडा तोच राहतो.

मायक्रोसॉफ्टनं असली सक्तीची उतरंड नोव्हेंबर २०१३मध्ये बंद केली. नंतर आपल्याकडच्याही काही कंपन्यांनी बेल कर्व्ह, म्हणजे हीच ठरावीक टक्क्यांची वाटणी, काढला म्हणून जाहीर केलं. नाव गेलं हे खरं. पण पगारवाढीचं बजेट जोवर ठरलेलं आहे, तोवर कुणाला जास्त द्यायचं तर कुणाचं तरी कमी करावंच लागतं, मग त्याला काहीही म्हणा.

म्हणून माझ्या टीमला सांगते, महिन्यातून एकदा मला चार ओळींची मेल टाका, काय केलं ते. फुशारकी वाटते, वाटू दे. त्या खोलीत मला तीच चार वाक्यं लागतात.

रिकामा_बेंच

अनुस्वार ताई, हे कुणीतरी आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगायला हवं होतं. तिथे ईमेलच्या शेवटी "रिगार्ड्स" लिहायचं की "वॉर्म रिगार्ड्स" यावर अख्खा तास घेतला होता.

पावसाळी_सिएटल

तिकडे सर्व्हिस कंपन्यांचं चाललंय, म्हणून जरा दुसरी बाजू. मी आधी पुण्यात सर्व्हिसमध्ये, नंतर एच-१बीवर (अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा) इकडे, आता एका मोठ्या प्रॉडक्ट कंपनीत, म्हणजे स्वतःचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या. पगार, शेअर्स, जेवण, सगळं उत्तम. काम बिलिंगच्या तासांवर मोजत नाहीत. म्हणून इथे वेगळं असेल असं वाटलं होतं.

पण अकाउंटच्या जागी इथे "ऑर्ग" म्हणायचं, एवढाच फरक. तुमचा उपाध्यक्ष कोण, तुमचं प्रॉडक्ट पैसे आणतं की नुसतं कौतुक आणतं, यावर सगळं. कोड लिहिण्यापेक्षा डिझाइन डॉक्युमेंट लिहिण्यात जास्त दिवस जातात आणि त्यावर सहा टीमच्या सह्या, म्हणजे संमती, लागतात. एक बटण सरकवायला तीन महिने लागले असं मी म्हटलं की पुण्यातले मित्र हसतात. त्या बटणामागे कायदा, प्रायव्हसी, ॲक्सेसिबिलिटी, भाषांतर, चाळीस देश असतात हे हसून झाल्यावर सांगतो. मेल्विन कॉनवे नावाच्या माणसानं १९६८मध्येच मांडून ठेवलंय की एखादी संस्था जी सिस्टीम बनवते तिचा आराखडा त्या संस्थेतल्या बोलण्याचालण्याच्या रचनेसारखाच होतो. आमच्या प्रॉडक्टमध्ये सेटिंग्जची दोन वेगवेगळी पानं आहेत. का, तर दोन उपाध्यक्ष एकमेकांशी बोलत नाहीत.

आणि नोकरीची शाश्वती म्हणाल, तर जानेवारी २०२३मध्ये गूगलनं १२,०००, मायक्रोसॉफ्टनं १०,००० माणसं कमी करत असल्याचं दोन दिवसांच्या अंतरानं जाहीर केलं. आमच्याकडेही त्याच सुमारास झालं. माझ्या शेजारचा, चांगलं रेटिंग असलेला माणूस, पहाटे मेल आली आणि सकाळी बॅज चालेना. तो एच-१बीवर होता. नोकरी गेल्यावर ६० दिवस मिळतात, त्यात दुसरी कंपनी शोधा नाहीतर निघा. मुलांची शाळा, घराचा हप्ता, गाडी, सगळं ६० दिवसांत. बायकोनं पहिल्यांदा फ्रीजवरचं शाळेचं कॅलेंडर काढून त्यावर दिवस मोजले, असं तो सांगत होता.

सप्टेंबर २०२५मध्ये तर अमेरिकेबाहेरच्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावली. ऑनसाइटची, म्हणजे ग्राहकाच्या देशात जाऊन काम करण्याची, स्वप्नं बघून सर्व्हिस कंपनीत चिकटून राहिलेल्यांनी हा हिशेब नव्यानं करावा.

ठाणेकर_खवचट

ऑनसाइटचं गाजर दाखवून माझ्या एका मॅनेजरनं मला दोन अप्रेझल गप्प बसवलं होतं. "तुझा व्हिसा फाइल करतोय." अजून करतोय बहुतेक.

बरं, २०२५चा विषय निघालाच तर जुलैमध्ये टीसीएसनं दोन टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं, आणि तीही जास्त करून मधल्या आणि वरच्या फळीतली. धागालेखकाचा पिरॅमिड इथे बसतो, हे कबूल करतो. पंधरा वर्षांचा अनुभव, हातानं कोड सुटलेला, ग्राहकाला नुसतं स्टेटस सांगणारा माणूस कॉस्टच्या रकान्यात सगळ्यात आधी दिसतो. त्यात आता एआय कोड लिहितंय, म्हणजे पिरॅमिडचा तळही हलतोय.

अनुस्वार

यात एक व्यवहारातली गोष्ट. काढताना शक्यतो "काढलं" असं होत नाही. एचआर खोलीत बोलावतं आणि म्हणतं, स्वतःहून राजीनामा द्या, अनुभवाचं पत्र स्वच्छ मिळेल. घाबरून तिथल्या तिथे पोर्टलवर क्लिक करू नका. विचार करायला वेळ मागा, काय देणार ते मेलवर मागा. पुण्यात नाइट्स नावाची आयटी कर्मचाऱ्यांची संघटना आहे, ती अशा तक्रारी कामगार खात्याकडे आणि केंद्रीय मंत्रालयाकडे नेते. मी मॅनेजर असून हे लिहितेय, कारण उद्या त्या खोलीत खुर्चीच्या त्या बाजूला मीही असेन.

ग्रॅच्युइटीही बघा. पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर कायद्यानं ढोबळमानानं शेवटचा बेसिक (डीए असेल तर तोही) गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. बेसिक ४० हजार, पाच वर्षं, तर १ लाख १५ हजार. पाच वर्षांना काही महिने कमी असताना सोडणारी मुलं मी दर वर्षी बघते.

मिरजेची_मुलगी

नमस्कार. सगळा धागा एका दमात वाचला. मी शेवटच्या वर्षाला आहे, सांगली जिल्ह्यातल्या कॉलेजात. कॅम्पसमध्ये एका मोठ्या कंपनीची ऑफर आहे, साडेतीनच्या आसपासच. सीनियर म्हणतात जॉइनिंग सहा-आठ महिने पुढे ढकलतात, खरं का? एक वर्षाचा बॉण्डही आहे, सोडलं तर पन्नास हजार. आणि तुम्ही म्हणता अकाउंट बघा, पण फ्रेशरला निवडायला मिळतं का? घरी बाबा म्हणतात नाव मोठं आहे, घे.

भूमकरचौक_ग्रस्त

बाबांचं चूक नाही. पहिल्या नोकरीला नावाचा उपयोग होतो, लग्नाच्या बाजारात तर होतोच (तुझ्यासाठी नाही, बाबांच्या समाधानासाठी). शिवाय ट्रेनिंग चांगलं मिळतं. इन्फोसिसच्या मैसूरच्या कॅम्पसमध्ये एका वेळी हजारो मुलं शिकतात, मेकॅनिकल-सिव्हिलच्या मुलांना तिथे कोड शिकवून उभं करतात. हे काम लहान कंपनी करू शकत नाही.

जॉइनिंग ढकलतात, खरं आहे. ग्राहकांकडून काम कमी आलं की फ्रेशर आत घेऊन बेंचवर बसवण्यापेक्षा घरी बसवणं स्वस्त. म्हणून हातात ऑफर आहे म्हणून बाकीच्या मुलाखती सोडू नकोस.

फ्रेशरला निवड नसते. पण ट्रेनिंगनंतर कुणाचा तरी फोन येतो, "अमुक प्रोजेक्ट आहे, येतेस का?" मुलं घाबरून लगेच हो म्हणतात. दोन मिनिटं घेऊन विचारायचं: मी बिलेबल की शॅडो? शिफ्ट कुठली? काम नवीन बांधायचं की सपोर्ट? ग्राहकाचा करार कधी संपतोय? आणि ही जागा रिकामी का झाली? शेवटच्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर त्या टीममधल्या एखाद्याला लिंक्डइनवर शोध आणि विचार. उत्तर काहीही येवो, निदान आत जाताना माहीत असेल.

सॉकसेव्हन

शिफ्ट अलाउन्स किती आणि रात्री कॅब मिळते का तेही विचार. रात्रीच्या ड्रॉपला शेवटी उतरणारी मुलगी असेल तर सोबत गार्ड असायला हवा. एचआर हो म्हणतं. तिथे काम करणाऱ्या एखाद्या मुलीला विचार, ती खरं सांगेल. आणि मेनफ्रेम मिळालं तर रडू नकोस.

पावसाळी_सिएटल

रडू नकोस, पण दोन वर्षांत बाहेरही बघ.

सॉकसेव्हन

आलं का तुमचं. मी अजून तिथेच आहे, आणि माझा पगार ठाण्यातल्या हप्त्याला पुरतोय.

कायदेकानू

बॉण्डबद्दल. "बॉण्डला कायद्यात अर्थ नसतो" असं कॉलेजात सर्रास सांगतात, त्यावर अवलंबून राहू नका. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च वगैरे मुद्दे होते, त्यामुळे प्रत्येक खासगी बॉण्डला ते जसंच्या तसं लागू होईल असं नाही. पण "कोर्टात टिकतच नाही" हे आता छातीठोकपणे म्हणता येत नाही. पन्नास हजारांसाठी कंपनी कोर्टात सहसा जात नाही, ती रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, अडवते आणि पुढची कंपनी ते मागते. खरी दोरी तिथे आहे. मूळ मार्कशीट किंवा डिग्री ठेवून घेत असतील तर मात्र सही करू नका, झेरॉक्स द्या.

मिरजेची_मुलगी

मूळ कागद नाही मागितलेत, फक्त स्कॅन. धन्यवाद सगळ्यांना. बाबांना अनुस्वार ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला, ते म्हणाले आमच्या साखर कारखान्यात पण असंच असतं, फक्त एक्सेल नसतं. अजून एक विचारायचं होतं. कॉलेजच्या सुट्टीत मी एका ठिकाणी डेटा एंट्रीचं काम केलं होतं, तिथे पीएफ कापला होता. नवीन कंपनीच्या फॉर्मवर तो दाखवायचा का?

अनुस्वार

दाखव. जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा) नंबर दे, नवा काढू नकोस. दोन यूएएन झाले की पुढे पैसे एकत्र करायला खेटे घालावे लागतात, शिवाय बॅकग्राउंड चेकमध्ये जुनी नोकरी लपवली असं दिसतं. त्या ठिकाणची सॅलरी स्लिप असेल तर जपून ठेव. नसेल तर ईपीएफओच्या साइटवरून पासबुक काढून घे.